अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्माचा संदेश सांगणारे पुष्कळ झाले; परंतु ज्यांचे सांगणे मराठी कानाला घरचे वाटले, असे थोडेच. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात छापले गेले. पुढे तीन शतकांनी त्याच वाटेने गेले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, एका ब्राह्मण कुटुंबात झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला व पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तचरणी आलो, असे ते म्हणत, आणि त्यांची रचना त्याची साक्ष देते. चर्चमधील उपासनेत तेव्हा परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते बरीच असत. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन हाती घेतले. वारकरी विठ्ठलास ज्या जिव्हाळ्याने माउली म्हणतो, त्याच जिव्हाळ्याने त्यांनी ख्रिस्तास माउली म्हटले. त्यांची पदे मराठी चर्चमधून आजही गाइली जातात.

१९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही कल्पना मोठी धाडसाची होती. परंतु ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. संस्था बहुधा माणसाबरोबरच जाते.

मागे राहिले होते ते १९०९ साली आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य. त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. येथे त्यांचे पूर्वायुष्य ध्यानात घेतले पाहिजे. पतीच्या धर्मांतराचा सर्वांत मोठा घाव ह्याच बाईवर पडला होता. काही वर्षे तिने ताटातूट सोसली; पुन्हा एकत्र आल्यावरही आपले सोवळे जपले, आणि ते सोडले ते स्वतः विचार करून. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. शाळेचे शिक्षण नाही. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर. अशा स्त्रीने पतीच्या काव्याला चौसष्ट अध्यायांची जोड दिली! पांडित्याची उणीव त्यात कोणी काढील. परंतु कथा सांगण्याची हातोटी तिच्या ओवीत खचित आहे. १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पाहण्यास ती हयात नव्हती.

टिळकांची आठवण मात्र ‘ख्रिस्तायना’पेक्षा ‘स्मृतिचित्रां’नी अधिक राखली. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून काढल्या. भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत सत्पुरुषाचे दोष सहसा गाळले जातात. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, घरात पैसा नसता दुसऱ्यास देऊन टाकण्याची खोड, सारे हसतखेळत सांगितले. म्हणूनच ज्यांनी चर्चची पायरी कधी चढली नाही, अशा घरांतूनही हे पुस्तक वाचले गेले आणि त्यातून एक ख्रिस्ती प्रचारक ओळखीचा, आपला माणूस झाला. १९५० साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या, तेव्हा तेही लेखन अपुरेच होते. उरलेला भाग देवदत्तांनी लिहिला.