आकाशातील वाटा

आकाशाला कुंपण नाही आणि रस्ताही नाही. तेव्हा विमानाने एका नगरीतून उडावे आणि थेट दुसऱ्या नगरीत उतरावे, यात अडचण ती कोणती, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. उत्तर अटलांटिक महासागरावरील वाहतूक पाहिली म्हणजे ती ध्यानात येते.

पृथ्वी गोल असल्यामुळे लंडनहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेली दिसते. पण जवळची वाट काटकसरीची असतेच असे नाही. या सागरावर सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वेगाने वाऱ्याचा झोत वाहत असतो. युरोपकडे येणारे विमान त्याचा आधार घेते; अमेरिकेकडे जाणारे त्याला वळसा घालते. झोत रोज जागा बदलतो, म्हणून स्कॉटलंडमधील प्रेस्टविक आणि कॅनडातील गँडर येथील नियंत्रक वाऱ्याचा अंदाज घेऊन वाटा नव्याने आखतात.

खरा पेच यापुढे आहे. चांगली वाट आणि चांगली उंची सर्वांनाच हवी असते. विमानातील उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. वर हवा विरळ होत जाते, तेव्हा दाबातील अल्पशी चूकही उंचीत मोठी ठरते. म्हणून २९,००० फुटांवर दोन विमानांत २,००० फुटांचे अंतर राखले जाई. उपकरणे अचूक झाल्यावर, १९९७ पासून अटलांटिकवर टप्प्याटप्प्याने हे अंतर १,००० फुटांवर आले. २९,००० ते ४१,००० फुटांच्या दरम्यान पूर्वी सात स्तर होते, त्यांचे तेरा झाले. भारताच्या आकाशात ही पद्धत नोव्हेंबर २००३ मध्ये आली. पुढे २०१९ पासून उपग्रह सागरावरील विमानांचा ठावठिकाणा कळवू लागले आणि मागेपुढे उडणाऱ्या विमानांतील अंतरही घटवता आले.

यात केवळ पैशाची बचत नाही. एक किलो इंधन जळले की तीन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. शिवाय अतिथंड, दमट थरांतून जाताना विमानामागे उमटणारे शुभ्र पट्टे पसरून पृथ्वीची उष्णता अडवून धरू शकतात. ते टाळण्यासाठी उंची बदलावी, तर इंधन अधिक जळते. एकाची बचत दुसऱ्याची अडचण ठरू नये आणि सुरक्षिततेला बाध येऊ नये, अशी वाट शोधणे हेच या शास्त्राचे काम होय.