आपोआप लागणारा क्लच

१९७२ साली आलेली लुना पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीतही दिसू लागली. तिला क्लचची दांडी नव्हती! मग क्लच लागे कसा?

इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने क्लचचे शू बाहेर सरकून भोवतालचा ड्रम पकडतात; वेग मंदावला की स्प्रिंग त्यांना आत ओढते. फेरे दुप्पट, तर बल चौपट!

रेडिओवर चालणाऱ्या नायट्रो ट्रकमध्येही हाच क्लच असतो. स्प्रिंग फार ढिली असेल तर तो लवकर लागून इंजिन बंद पडते. फार ताठ असेल तर क्लच घसरून तापतो. दंतचक्रे घट्ट बसली तर घासतात, सैल बसली तर दात तुटतात. म्हणून मध्ये कागदाची पट्टी ठेवून ती जुळवावीत, मग पट्टी काढावी.

गॅरेजमध्ये असा क्लच उघडलेला दिसला, तर स्प्रिंग अवश्य पाहा.