पैसा आटला म्हणून उरलेलं सफोक

सफोकमध्ये दगड नाही. लंडनहून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर सुरू होणारी ही इंग्लंडच्या पूर्वेची काउंटी म्हणजे पसरलेली शेतं, चिकणमाती, खाड्या आणि दर वर्षी थोडा थोडा समुद्रात जाणारा किनारा. बांधकामाला चांगला दगड हवा असेल तर तो बार्नॅकच्या खाणींतून नदीवाटे आणायचा, नाहीतर समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीतून जहाजानं. हा खर्च झेपायचा राजांना आणि श्रीमंत मठांना. बाकीच्यांच्या हाताशी ओकचं लाकूड, माती, चुना आणि नांगराच्या फाळाला अडणाऱ्या गारगोट्या. तरीही एवढ्याशा सामग्रीवर इथे सुमारे पाचशे मध्ययुगीन चर्च उभी राहिली, आणि लाकडी सांगाड्याच्या घरांची गावंच्या गावं. ती बांधली गेली तेव्हा सफोककडे पैसा होता. ती आजवर टिकली, कारण पुढे तो राहिला नाही.

लॅव्हनम हे याचं ठळक उदाहरण. पंधराव्या शतकात हे गाव निळ्या लोकरी कापडासाठी युरोपभर माहीत होतं. आपल्याकडची नीळ तिकडे रुळायच्या आधी ‘वोड’ नावाच्या झाडपाल्यापासून हा निळा रंग काढत. १५२४ च्या कर-नोंदीत इंग्लंडमधल्या श्रीमंत गावांत लॅव्हनमचा क्रमांक चौदावा लागतो. आज तिथली लोकवस्ती आपल्या एखाद्या मध्यम खेड्याइतकी आहे. थॉमस स्प्रिंग हा तिथला बडा कापडव्यापारी १५२३ मध्ये वारला, तो चर्चच्या मनोऱ्यासाठी मृत्युपत्रात पैसे ठेवून. १४१ फुटी मनोऱ्याच्या पायथ्याशी स्प्रिंग घराण्याचं व्यापारी चिन्ह आणि ऑक्सफर्डच्या अर्लचा तारा असे दोन्ही कोरलेले आहेत. जमीनदार आणि शेठ यांनी मिळून देवाला दिलेली ही पावती. कोणी किती दिले हे गावाला कळावं, एवढी काळजी दोघांनीही घेतलेली.

मग धंदा बसला. कॉल्चेस्टरमध्ये आलेल्या डच निर्वासितांनी हलकं आणि स्वस्त कापड विणायला सुरुवात केली, लॅव्हनमच्या जाड बनातीला गिऱ्हाईक मिळेना. इतर गावांतल्या सधन लोकांनी अठराव्या शतकात जुन्या घरांपुढे विटांचे नवे दर्शनी भाग चढवले, खिडक्या बदलल्या, जमलं तर घरच पाडून नवं बांधलं. लॅव्हनमला ते परवडलं नाही. १५३० च्या आसपासचं तिथलं गिल्डहॉल पुढे तुरुंग झालं, मग गरिबांना कामाला जुंपणारं आश्रयगृह झालं, आणि १९५१ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आलं. आज गावात तीनशेच्या वर इमारती संरक्षित यादीत आहेत.

ही घरं जवळून पाहावीत. ओक ओला असतानाच कापायचा, सुताराच्या अंगणात सांगाडा जुळवून पाहायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांच्या खुणा खरवडायच्या, मग सगळं सुटं करून जागेवर नेऊन लाकडी खुंट्यांनी पक्कं करायचं. खिळा जवळजवळ नाहीच. मधल्या जागेत काठ्यांचा कूड, त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. ओक वाळताना आकसतो, पिळतो. म्हणून लॅव्हनमच्या रस्त्यांवर घरं एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभी दिसतात. पर्यटकांना आवडणारे उघडे वासे मात्र बऱ्याच ठिकाणी विसाव्या शतकातली हौस आहे. मुळात कितीतरी घरांवर गिलावा आणि चुन्याचा हात असे. त्या चुन्यात बैलाचं रक्त मिसळून प्रसिद्ध ‘सफोक गुलाबी’ रंग करत, असं गाइड सांगतात. ऐकायला बरं वाटतं, एवढंच म्हणेन.

गिलाव्यावर ओल्या चुन्यात नक्षी उठवणं ही इथल्या कारागिरांची खास कला. इप्सविचच्या बटरमार्केटमधलं एन्शंट हाऊस हा तिचा कळस. सतराव्या शतकातल्या त्या दर्शनी भिंतीवर जगातले खंड दाखवलेत: युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका. ऑस्ट्रेलिया नाही, कारण गवंड्याला तो माहीतच नव्हता.

विटेचा इतिहासही इथे लवकर सुरू होतो. लिटल वेनम हॉल हे १२७० ते १२८० च्या सुमाराचं घर इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या विटांच्या घरांपैकी एक. आणि सफोकची नागमोडी कुंपणं! एकाच विटेच्या जाडीची भिंत सरळ बांधली तर वाऱ्यानं पडेल. तीच वळणावळणानं नेली की आधारखांबांशिवाय उभी राहते आणि एकूण विटा कमी लागतात. हे कंजूसपणाचं स्थापत्य आहे, आणि दिसतं मोठं ऐटबाज.

चर्चकडे वळल्यावर मात्र थांबावं लागतं. कारण इथे पैसा, धर्म आणि दुर्लक्ष या तिघांचे हात एकाच छपरावर दिसतात. गारगोटी फोडली की आत काळी, काचेसारखी चकचकीत निघते. अशा फोडलेल्या गारगोट्या फिक्या दगडाच्या चौकटीत बसवून इथल्या कारागिरांनी भिंतींवर काळ्या-पांढऱ्या आकृत्या आणि अक्षरं काढली. लाँग मेलफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या बाहेरून फिरताना भिंतीवर देणगीदारांची नावं वाचता येतात. पंधराव्या शतकातली ही देणगीदारांची पाटी आपल्या देवळांतल्या संगमरवरी पाटीपेक्षा देखणी आहे, हेतू तोच.

ब्लायबरोचं चर्च खाडीच्या दलदलीवर एकटंच उभं आहे. छताच्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत. १५७७ च्या ऑगस्टमध्ये प्रार्थना चालू असताना वीज पडली, मनोऱ्याचं शिखर आत कोसळलं, माणसं मेली. लोकांनी त्याचा दोष एका काळ्या भुताळी कुत्र्याला दिला. दारावरचे जळके ओरखडे त्याच्या पंजांचे म्हणून अजून दाखवतात. देवदूतांच्या अंगातले छर्रे मात्र विल्यम डाउझिंगच्या माणसांचे, असं पिढ्यान्पिढ्या सांगितलं गेलं. हा डाउझिंग सफोकचाच. इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३-४४ मध्ये, मूर्ती आणि चित्रं फोडण्याचा सरकारी हुकूम घेऊन तो केंब्रिजशर आणि सफोकच्या अडीचशेच्या वर चर्चमध्ये फिरला. कुठे काय फोडलं याची त्यानं नोंदवही ठेवली आणि त्या कामाचे पैसेही चर्चकडूनच वसूल केले. ब्लायबरोला तो गेला होता हे खरं. पण विसाव्या शतकात छत दुरुस्त करताना ते छर्रे तपासले, तेव्हा ते अठराव्या शतकातले निघाले. चर्चच्या जुन्या हिशेबांत छपरातले कावळे मारायला दिलेल्या पैशांची नोंद आहे. म्हणजे देवदूतांना गोळ्या घातल्या त्या धर्मवेड्यांनी नव्हे, तर साफसफाईच्या कंत्राटानं. अफर्ड गावानं मात्र डाउझिंगच्या माणसांना बराच वेळ दाराबाहेर ताटकळत ठेवलं. तिथल्या बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं लाकडी झाकण छताला भिडेल एवढं उंच, कळसासारखं चढत गेलेलं आहे. ते वाचलं.

वेनस्टन गावाची गोष्ट तर कादंबरीत कोणी पटवून घेणार नाही. १८९२ मध्ये चर्चची दुरुस्ती चालू असताना वेदीसमोरच्या कमानीतल्या जुन्या, चुना फासलेल्या फळ्या काढून बाहेर अंगणात टाकल्या. रात्री पाऊस झाला. सकाळी चुना ओघळून गेला होता आणि फळ्यांवर अख्खा न्यायाचा दिवस उभा होता: मेलेले राजे-बिशप, अंगावर कपडा नाही पण डोक्यावर मुकुट तसाच, आणि एका कडेला नरकाचा जबडा. मधोमध क्रूसाच्या आकाराची जागा कोरी आहे, कारण तिथे पूर्वी लाकडी मूर्ती ठोकलेल्या होत्या. पाऊस एक दिवस उशिरा आला असता तर त्या फळ्यांचा जाळच झाला असता. थॉर्नम पार्व्हाच्या गवती छपराच्या छोट्या चर्चमधलं चौदाव्या शतकातलं वेदीचित्रही असंच. ते १९२७ मध्ये एका तबेल्याच्या माळ्यावर सापडलं.

व्हिक्टोरियन काळात पुन्हा पैसा आला आणि खरी धास्ती तेव्हा सुरू झाली. ‘जीर्णोद्धार’ या नावाखाली जुना गिलावा खरवडायचा, जुनी बाकं काढायची, मध्ययुग जसं असायला हवं होतं तसं नव्यानं बनवायचं. या जीर्णोद्धारवाल्या मंडळींचे म्होरके वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या कागदावर जन्मला तेच. ट्यूक्सबरीच्या ॲबीबाबतचा त्यांचा बेत ऐकून कवी-कलाकार विल्यम मॉरिस चिडला, आणि १८७७ मध्ये त्यानं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं टोपणनावच ‘खरवडू नका’ अशा अर्थाचं पडलं. चार वर्षांनी ब्लायबरोचं चर्च धोकादायक म्हणून बंद झालं, तेव्हा ही संस्था मध्ये पडली: गळती थांबवा, तुळया सावरा, नवं काही घुसडू नका. आज त्या छताचा फिका, विटलेला रंग जुनाच दिसतो तो या भांडणामुळे, आणि गावाकडे धूमधडाक्याला पैसे नव्हते म्हणून. मॉरिसच्या तत्त्वांचं मला कौतुक आहेच, पण रिकाम्या तिजोरीनं त्याला मोठी साथ दिली हे विसरू नये.

१९११ च्या सुमारास लॅव्हनममधलं वूल हॉल राजघराण्यातल्या एका डचेससाठी चक्क सुटं करून ॲस्कटला न्यायला सुरुवात झाली. गावात ओरड झाली, आणि वासे परत आले. सुतारांनी सांध्यांवर आकडे घालून ठेवण्याची पद्धत अशा वेळी कामी येते. आज ते तिथल्या हॉटेलचा भाग आहे.

किल्ले आणि वाडे यांबद्दल थोडक्यात. ऑर्फर्डचा बहुकोनी बुरूज दुसऱ्या हेन्रीनं ११६५ ते ११७३ मध्ये १,४१३ पौंड खर्चून उभारला, तो स्थानिक सरदारांना वचक बसावा म्हणून. त्यातल्याच बिगॉड घराण्याचा फ्रॅमलिंगम किल्ला म्हणजे तेरा बुरुजांचा तट, मध्ये मुख्य बुरूज नाहीच. १५५३ मध्ये मेरी ट्यूडर राणी झाली ती इथे मुक्कामाला असताना. पुढे त्या तटाच्या आत गरीबघर चाललं. बुरुजांवरच्या नक्षीदार चिमण्यांपैकी बहुतेक नुसत्या शोभेच्या आहेत, खाली चूलच नाही. इकवर्थचा घुमटाकार वाडा एका लहरी बिशप-अर्लनं १७९५ मध्ये आपल्या इटालियन चित्रसंग्रहासाठी सुरू केला. तो १८०३ मध्ये इटलीतच मेला, वाडा त्यानं पुरा पाहिलाच नाही.

एल्व्हडन हॉल मात्र आपल्या जवळचं. पंजाबचा शेवटचा महाराजा दुलीपसिंग वयाच्या दहाव्या वर्षी राज्य आणि कोहिनूर गमावून बसला, आणि १८६३ मध्ये सफोकच्या रेताड टोकाला त्यानं ही जहागीर घेतली. वास्तुविशारद जॉन नॉर्टनकडून त्यानं घर बाहेरून इटालियन थाटाचं आणि आतून लाहोर-दिल्लीच्या आठवणीचं करून घेतलं: चुन्यातली बारीक नक्षी, आरशांचं काम. १८९३ मध्ये तो पॅरिसमध्ये कफल्लक अवस्थेत वारला, पण पुरला गेला एल्व्हडनच्या चर्चच्या आवारात. पुढच्याच वर्षी ही मालमत्ता गिनेस बिअरवाल्या लॉर्ड आयव्हीनं विकत घेतली आणि शेजारी संगमरवराचा घुमटाकार दिवाणखाना बांधून महाराजालाही मागे टाकलं. १९८४ मध्ये आतलं सामान लिलावात गेलं. घर बघायला उघडं नाही. थडग्यापाशी मात्र शीख माणसं येत असतात. दुलीपसिंगचा मुलगा फ्रेडरिक इंग्लंडच्या जुन्या वस्तूंचा असा वेडा निघाला की पलीकडच्या थेटफर्डमधलं ट्यूडरकालीन घर विकत घेऊन त्यानं गावाला संग्रहालयासाठी दिलं. ज्यांनी बापाचं राज्य घेतलं त्यांचा वारसा मुलानं जपला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सफोकमधले कितीतरी जमीनदारी वाडे मालकांनी स्वतःच पाडले. लष्करानं वापरून खिळखिळे केलेले, वारसाकर भरता न येणारे. इथे माझ्या ‘गरिबीनं राखलं’ या म्हणण्याला मर्यादा पडते. शेतकऱ्याचं घर पैशाविना उभं राहतं. चाळीस खोल्यांचा वाडा राहत नाही. आणि समुद्र तर कोणाचाच मुलाहिजा ठेवत नाही. डनिच हे एके काळचं भरभराटीचं बंदर जवळजवळ सगळं पाण्यात गेलं, तरी १८३२ पर्यंत ते दोन खासदार निवडून देत होतं. त्याचं शेवटचं मध्ययुगीन चर्च १९०४ ते १९१९ या काळात कड्यावरून खाली गेलं. कव्हहाइथच्या गावकऱ्यांना १६७२ मध्येच अवाढव्य चर्च पेलवेना. त्यांनी छप्पर उतरवलं आणि त्या उघड्या भिंतींच्या पोटात गवती छपराचं छोटं चर्च बांधून घेतलं. तेही आता कड्यापासून फार लांब नाही.

जे वाचलं त्यातलं बरंचसं काम बदलून वाचलं. बेरी सेंट एडमंड्सचं १८१९ चं थिएटर रॉयल विसाव्या शतकात शेजारच्या दारूभट्टीनं पिंपं ठेवायला वापरलं. १९६५ मध्ये पुन्हा पडदा वर गेला. स्नेप गावातल्या बार्ली भिजवण्याच्या कोठारांत संगीतकार बेंजामिन ब्रिटननं १९६७ मध्ये संगीतसभागृह उघडलं, दोन वर्षांत ते जळालं, आणि पुढच्या वर्षीच्या त्याच्या संगीतमहोत्सवाला परत उभं राहिलं.

संरक्षणाची सरकारी यादी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आली. श्रेणी एक, दोन तारांकित आणि दोन. १९९५ मध्ये मुंबईनं वारसा नियमावली केली तेव्हा श्रेणींची कल्पना याच घराण्यातली. इंग्लंडभर अशा सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि १७०० पूर्वीची, मूळ रूप राखलेली जवळजवळ प्रत्येक इमारत त्यात येते. मालकाला दाराची चौकट बदलायलाही परवानगी लागते. पण दुरुस्तीवर वीस टक्के व्हॅट, आणि नवं घर बांधलं तर शून्य! चर्चना हा कर परत मिळायचा, त्यावरही २०२५ मध्ये एका चर्चमागे वर्षाला २५ हजार पौंडांची मर्यादा आली. छपरावरचं शिसं चोरीला जातं, आत वटवाघळं लेंड्या टाकतात आणि कायद्यानं त्यांना हुसकावता येत नाही. या सगळ्याचा हिशेब ठेवतात ते गावातले निवृत्त स्वयंसेवक, आणि त्यांची संख्याही आटते आहे.

उलट किनाऱ्यावरच्या साउथवोल्ड-ऑल्डबरासारख्या गावांत लंडनचा पैसा आलाय. गुलाबी घरं चकचकीत, वासे तेल लावलेले, आणि हिवाळ्यात खिडक्यांत दिवा नाही. लॅव्हनम गरीब होतं तेव्हा निदान कोणीतरी त्या घरांत राहत होतं.

संरक्षणाच्या यादीतली माझी सगळ्यात आवडती नोंद मात्र इप्सविचमधली. नॉर्मन फॉस्टरनं १९७५ मध्ये पूर्ण केलेलं, विलिस या विमा कंपनीचं काळ्या काचेचं वळणदार कार्यालय. आत कर्मचाऱ्यांसाठी पोहण्याचा तलाव. १९९१ मध्ये तलाव बुजवून तिथे टेबलं मांडायचा विचार झाला. तेवढ्यात जेमतेम सोळा वर्षांच्या या इमारतीला श्रेणी एक मिळाली, म्हणजे कायद्यापुढे ती ब्लायबरोच्या देवदूतांच्या बरोबरीची झाली. मग तलाव न बुजवता त्यावर नुसती जमीन अंथरली. पुढच्या कोणा मालकाला पोहायची हौस आली, तर ती उचलायची आणि पाणी भरायचं.