एकाच टोचणीत

आजार मनाचा, मग सुई हाताला का, असा प्रश्न आम्हां मनोविकारांच्या डॉक्टरांना रोग्यांचे आप्त पुष्कळदा विचारतात. उत्तर औषधांत आहे. उन्मादावर लिथियमचा गुण येतो, हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने १९४९ साली दाखविले. पण हे औषध दुधारी आहे. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल असले तर गुण. दीडच्या वर गेले की विषबाधेचे भय. क्लोझापीन या दुसऱ्या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात. १९७५ साली फिनलंडमध्ये त्यापायी रोगी दगावले. म्हणून पेशी मोजाव्या लागतात.

तेव्हा तपासणी टळत नाही. टाळता येतो तो तिच्यातील गोंधळ. सोमवारी लिथियमसाठी सुई, मंगळवारी साखरेसाठी, बुधवारी पेशींसाठी! त्यातही सोमवारचे रक्त पुष्कळदा वाया जाते, कारण रोग्याने सकाळची गोळी आधीच घेतलेली असते व आकडा फुगतो. कधी लिथियम हेपॅरिनची नळी चुकून वापरली जाते आणि नळीतले लिथियम रोग्याच्या नावावर जमा होते. त्या आकड्यावर विसंबून मात्रा कमी करावी, तर उन्माद उलटण्याचा धोका.

उपाय खर्चाचा नाही. लिथियमचे प्रमाण शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी पाहावयाचे असते. रात्री ९ ला गोळी दिली की सकाळी ९ ला रक्त घ्यावे. तोवर न्याहारी व सकाळची गोळी थांबवली, तर त्याच टोचणीत उपाशीपोटीची साखर आणि पेशींची मोजणीही होते. नळ्या मात्र वेगवेगळ्या. वार ठरलेला असावा. आदल्या संध्याकाळी परिचारिकेने नावे, तपासण्या, नळ्या यांची यादी करावी. आकडा त्याच दिवशी कोणी वाचावयाचा, हेही ठरलेले असावे. न वाचलेला रिपोर्ट म्हणजे फुकट सांडलेले रक्त. मात्र हात थरथरणे, उलट्या, गुंगी दिसली किंवा क्लोझापीनच्या रोग्याला ताप आला, तर वाराची वाट पाहू नये.

यादीत आणखी एक काम हवे. आदल्या रात्री रोग्याजवळ बसून, उद्या रक्त का घ्यावयाचे, हे त्याला सांगणे. सारे जग आपल्या जिवावर उठले आहे असे ज्याला वाटते, त्याला न सांगता टोचलेली सुई त्याच्या संशयाला पुरावाच देते. दोन टोचण्या वाचल्या की वेळ वाचतो, पैसा वाचतो. आणि त्याहून मोलाचा असा रोग्याचा विश्वासही वाचतो. तो एकदा गेला, तर पुढची गोळी तो घेईल कशाला?