खुबा बदलला, दुकान चालू राहिलं: ऑपरेशनआधीचे दोन महिने आणि नंतरचे तीन



या वेळी मार्केटिंग नाही, जीएसटी नाही, लोनही नाही. विषय आहे खुबा. मांडीचं हाड कमरेत जिथे बसतं तो सांधा. माझा डावा खुबा जानेवारी २०२३ मध्ये बदलला, तेव्हा माझं वय ३४ होतं. व्हिडिओत बोलता बोलता मी मध्येच उंच स्टुलावर टेकतो, त्याचं कारण हेच.

"हे तर म्हाताऱ्यांचं ऑपरेशन ना?" असं मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही एकाने विचारलं. माझीही आधी तीच समजूत होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मला कोविड झाला, ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड दिलं गेलं. त्या वेळी त्याने जीव वाचला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दिवाळीच्या सुमारास जांघेत दुखायला लागलं. स्कूटरवरून उतरताना कळ यायची. मला वाटलं माल उचलून शीर भरली असेल. मालिश केली, कमरेला पट्टा बांधला, पेनकिलर खाल्ल्या. असं करत आठ-नऊ महिने गेले. शेवटी एमआरआय काढला तेव्हा कळलं की खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन हाड आतून मेलंय आणि गोळा चपटा व्हायला लागलाय. याला एव्हीएन म्हणतात. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची दोन मोठी कारणं. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. गोळा चपटा होण्याआधी आजार सापडला तर खुबा वाचवायची संधी असते. माझी ती संधी मालिशमध्ये गेली. जांघेतलं दुखणं तीन-चार आठवड्यांत थांबलं नाही तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, एवढं इथेच सांगतो.

आता धंद्याचं.

माझं दुकान भोसरी एमआयडीसीत. बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट. गिऱ्हाईक म्हणजे भोसरी, तळवडे, कुरुळी, महाळुंगे आणि चाकणची वर्कशॉप्स. दुकानात दोन पोरं कामाला. पण कोणाला किती उधारी द्यायची, कुठल्या कंपनीचा परचेसवाला फोन उचलतो, कोणत्या मशीनला कोणतं बेअरिंग लागतं, हे सगळं माझ्या डोक्यात. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे दुकान विसरा, तीन महिने बाइक विसरा." मी घरी येऊन पहिलं काम केलं ते कॅल्क्युलेटर काढायचं.

भाडं २२,०००. दोन पगार मिळून ३२,०००. कर्जाचा हप्ता १८,५००. लाइट, नेट वगैरे ४,०००. महिन्याला ७६,५०० रुपये, मी दुकानात असो वा नसो. तीन महिन्यांचे २,२९,५००. यात घरखर्च नाही, हॉस्पिटलही नाही.

इथे एक गोष्ट मला टोचली, ती तुम्हालाही टोचायला हवी. चाकणच्या कंपनीत २१,००० पर्यंत पगार असलेला ईएसआयचा कामगार आजारी पडला तर उपचार तर मिळतातच, शिवाय वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. त्या कंपनीला माल पुरवणाऱ्या माझ्यासारख्या दुकानदाराला? शून्य. नोकरी सोडून धंद्यात येताना आपण भांडवल मोजतो, ही गेलेली सवलत कोणी मोजत नाही. व्हिडिओंमध्ये मीसुद्धा कधी सांगितली नव्हती.

माझी हेल्थ पॉलिसी नोव्हेंबर २०२० ची होती, म्हणून वाचलो. बहुतेक पॉलिसींमध्ये सांधा बदलण्यासाठी वेटिंग पिरियड असतो. माझ्या पॉलिसीत तो दोन वर्षांचा होता, आणि तो संपेपर्यंत थांबलं तर चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं. एप्रिल २०२४ पासून असा वेटिंग पिरियड तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, पण तीन वर्षंही कमी नाहीत. दुखायला लागल्यावर पॉलिसी घेऊन उपयोग नाही.

दुसरं, रूमचं भाडं. माझ्या ५ लाखांच्या पॉलिसीत रोजची मर्यादा १ टक्का, म्हणजे ५,०००. सिंगल रूम ७,००० ला होती. मला वाटलं, दिवसाला दोन हजारच तर खिशातून जातील! तसं नसतं. मर्यादेबाहेरची रूम घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खर्चांवरही त्याच प्रमाणात कात्री लागते. असे खर्च १ लाख असतील तर हातात ७१ हजारांच्या आसपास पडतात. मी गपचूप दोन बेडच्या खोलीत राहिलो. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलमध्ये बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला कागदपत्रं दाखवून आधी विचारावं.

पैशांसाठी मी नवीन कर्ज काढलं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उधारी गोळा केली आणि हळू खपणारा माल मागवणं बंद केलं. उधारी गोळा करताना घरात वाद झाला. मी ठरवलं होतं, मोठ्या बारा गिऱ्हाइकांना खरं कारण सांगायचं. अण्णा म्हणाले, "गिऱ्हाइकाला आपलं दुखणं सांगू नये रे, ते दुसरं दुकान बघतं." अण्णांनी तीस वर्षं दुकान चालवलंय, त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बारापैकी दोघे खरंच दुसरीकडे गेले. एक उन्हाळ्यात परत आला, एक नाही आला. पण उरलेल्या दहांपैकी सात जणांनी जुनी बिलं ऑपरेशनआधी चुकती केली. एकाने तर नव्वद दिवसांचं पेमेंट चाळीस दिवसांत सोडलं. लपवून ठेवलं असतं तर हे पैसे आले नसते.

सगळ्यात जास्त घोळ निघाला तो माझ्या मोबाइलमध्ये. बँकेचा ओटीपी माझ्या नंबरवर, जीएसटीचा माझ्या नंबरवर, क्यूआर कोडचे पैसे माझ्या पर्सनल खात्यात. मी ऑपरेशन टेबलवर असताना पुरवठादाराला पेमेंट करायचं कसं? काही जण कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवतात. ते करू नका. मी बँकेत जाऊन बायकोला चालू खात्यावर व्यवहाराचा अधिकार दिला. त्याला फॉर्म, फोटो, दोघांच्या सह्या आणि दोन हेलपाटे लागले. क्यूआर दुकानाच्या खात्याचा केला. जीएसटीचं सीएकडे सोपवलं. ही कामं ऑपरेशन नसतानाही करायचीच होती, सहा वर्षं पडून होती.

मग डोक्यातला माल कागदावर आणला. मोठ्या गिऱ्हाइकांच्या नावाने एकेक पान: मशीन कोणतं, बेअरिंग कोणतं, उधारीची मर्यादा किती, पैशांसाठी फोन कोणाला. रोज रात्री दुकानातला मोठा पोरगा आणि बायको बसायचे, मी सांगायचो, ती लिहायची. बाविसाव्या दिवशी वही पूर्ण झाली असं मला वाटलं. नव्हती झाली, ते पुढे येतंच.

शरीराची तयारीही तेवढीच लागते. डॉक्टरांनी दात तपासायला लावले, कारण किडलेल्या दातातला जंतुसंसर्ग रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. एक दाढ भरावी लागली. शुगर, हिमोग्लोबिन, लघवी तपासली. तंबाखू बंद, कारण जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करायची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, मेडिकलवाल्याला विचारू नका. फिजिओथेरपिस्टने आधीच मांडीचे व्यायाम शिकवले, वॉकर धरून चालायला लावलं. शिकून ठेवलेलं नंतर कामाला येतं, दुखत असताना शिकणं जड जातं.

घरात कमोडची उंची वाढवली, पायपुसणी उचलली, हातवाली उंच खुर्ची आणली, पलंगाखाली लाकडी ठोकळे लावले. गुडघे खुब्यापेक्षा वर जाता कामा नयेत, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाय आत वळवायचा नाही. नाहीतर नवा गोळा वाटीतून निसटू शकतो. दुकानातही तेच. आमचा सगळ्यात जास्त खपणारा माल खालच्या रॅकमध्ये होता, कारण जड माल खाली ही जुनी पद्धत. तो कमरेच्या उंचीवर आणला. आणि दुकानाच्या गाळ्यात भारतीय पद्धतीचा संडास, त्यावर ठेवायला कमोडची खुर्ची घेतली. हे लिहायला लाज वाटते, पण यावर अडून दुकानात येता येत नाही असंही होतं.

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभा राहिलो. चार दिवसांनी घरी. जिन्यासाठी फिजिओने एक सूत्र दिलं: वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना ऑपरेशनचा पाय आधी. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या पूर्ण कोर्सभर घ्यायच्या असतात, बरं वाटतंय म्हणून थांबवायच्या नाहीत. पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखलं, तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला तरी तेच.

अकराव्या दिवशी दुकानातून फोन आला. चाकणच्या एका वर्कशॉपला पोराने ६२०५ बेअरिंग दिलं होतं. नंबर बरोबर. पण त्यांना टू-आरएस लागतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबर सील, कारण त्या जागी कूलंट उडतो. पोराने झेडझेड दिलं, पत्र्याच्या झाकणाचं. आठवड्याभरात कूलंट आत गेला, ग्रीस धुपलं, मशीन ओरडायला लागलं. त्यांची एक शिफ्ट बसली. वहीत मी फक्त "६२०५" लिहिलं होतं. टू-आरएस माझ्या डोक्यातच राहिलं.

मला इतका राग आला की उठून निघावंसं वाटलं. बायको म्हणाली, "चूक वहीची आहे, त्याची नाही. तुम्ही झोपा." तिनेच त्या साहेबांना फोन केला, चूक मान्य केली, रिक्षाने नवीन बेअरिंग पाठवली आणि जुन्याचं बिल रद्द केलं. ते गिऱ्हाईक आजही आहे, आणि आता फोन तिलाच करतं.

आता एक गोष्ट जी बहुतेक रुग्णांना कोणी सांगत नाही. आपल्या धंद्यात बेअरिंगच्या डब्यावर बॅच नंबर असतो. गाड्यांच्या कंपन्या तर एकेका पार्टचा माग ठेवतात, लॉट खराब निघाला तर त्या लॉटच्या गाड्या परत बोलावतात. खुब्याच्या इम्प्लांटच्या पाकिटावरही कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर असलेले स्टिकर असतात. ते तुमच्या फाइलमध्ये लागले पाहिजेत. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने एएसआर नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात मिसळत होतं, लोकांना दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागत होतं. भारतात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशन्स झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, हे प्रकरण लावून धरलं. पुढे केंद्राने समिती नेमली, २०१८ मध्ये भरपाईचं सूत्र ठरलं. पण तोपर्यंत हजारो रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. ज्याच्याकडे कागद नाही त्याने आपल्या शरीरात कोणता खुबा आहे हे सांगायचं तरी कसं?

माझ्या डिस्चार्ज फाइलमध्ये स्टिकर नव्हते. मी मागितले. काउंटरवरच्या माणसाला नवल वाटलं, "आजवर कोणी मागितले नाहीत," म्हणाला. पण अर्ध्या तासात आणून दिले. माझा गोळा सिरॅमिकचा आणि वाटीतला भाग प्लास्टिकचा, तेही मला स्टिकर वाचूनच नीट कळलं.

किती वर्षं टिकेल, हा प्रश्न ३४ व्या वर्षी डोक्यातून जात नाही. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के बदललेले खुबे २५ वर्षं टिकतात. म्हणजे साठीच्या आसपास माझं पुन्हा एक ऑपरेशन होऊ शकतं. त्या खात्यात आतापासून महिन्याला दोन हजार टाकतो.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे बघून परवानगी दिली आणि मी दुकानात गेलो, रोज दोन तास. पोरांनी काउंटरमागे उंच स्टूल ठेवलं होतं. साडेतीन महिन्यांनी पहिल्यांदा चाकणला गेलो, तेही बाइकवर नाही, टेम्पोत पुढे बसून. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये दर वीस मिनिटांनी उतरून चार पावलं चालायचो, ड्रायव्हर हसायचा. तळेगाव चौकात पोचेपर्यंत साडेबारा वाजले. परचेसवाले साहेब गेटवर भेटले, वाकून नमस्कार करता येत नाही म्हणून मी हात जोडले, आणि ते म्हणाले, "शेठ, तुम्ही कशाला आलात? वहिनींनी सकाळीच ऑर्डर घेतली."