नेहरू प्राणिउद्यान: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

नांदेड-परभणीकडून काचीगुड्याला उतरून सुलतान बाजारात आप्तांकडे मुक्काम करणारी मराठी कुटुंबे चारमिनार आणि सालारजंग वस्तुसंग्रहालय पाहून झाले, की एक सबंध दिवस बहादुरपुऱ्याच्या प्राणिउद्यानासाठी राखून ठेवतात. आणि १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला तरी ही जुनी वहिवाट मोडलेली नाही. दशम्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या, मागे रेंगाळणारी आजी आणि पुढे धावणारी मुले असा सारा सरंजाम बरोबर असतो, आणि त्याच्याच जोडीने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले काही समजही बरोबर येतात. ते समज निरुपद्रवी असते तर त्यांची चिकित्सा करण्याचे कारण नव्हते; परंतु त्यांतल्या काहींमुळे प्राण्यांना प्रत्यक्ष इजा पोहोचते, म्हणून त्यांचे निराकरण अगत्याचे आहे.

हे उद्यान निजामाचे आहे, ही समजूत प्रथम दूर करू. शहराचा पूर्वीचा प्राणिसंग्रह बाग-ए-आममध्ये होता हे खरे. परंतु आजचे सुमारे ३८० एकरांचे नेहरू प्राणिउद्यान १९५९ साली स्थापन झाले आणि १९६३ च्या ऑक्टोबरात लोकांसाठी खुले झाले. संस्थानी काळाचा आहे तो शेजारचा मीर आलम तलाव, ज्याचा २१ अर्धवर्तुळाकार कमानींचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधला गेला.

यापेक्षा गंभीर समज सिंहाच्या खंदकापाशी ऐकू येतो. दुपारची वेळ असते, पलीकडे झुडपाच्या सावलीत सिंह कुशीवर पडलेला असतो, त्याच्या शेपटीचा गोंडा तेवढा मधूनमधून माश्या हाकलण्यापुरता हलतो, आणि कठड्याला रेलून नातू विचारतो, "आजी, तो उठत का नाही?" आजी म्हणते, "अफू घालत असतील रे त्याला," आणि वडील टाळ्या पिटून, शिट्ट्या मारून त्याला उठवू पाहतात. आदल्या दिवशी सालारजंगमधल्या घड्याळातला पुतळा ठरल्या वेळी बाहेर येऊन टोले देऊन गेला, तसेच सिंहाने आपण आलो की उठावे, अशी काहीशी अपेक्षा यामागे असते. वस्तुस्थिती अशी, की अरण्यातला स्वतंत्र सिंहसुद्धा दिवसाचे अठरा ते वीस तास विश्रांतीत घालवतो, कारण शिकारीच्या क्षणी लागणारी प्रचंड शक्ती राखून ठेवण्याचा तोच मार्ग आहे, आणि त्याच्या हालचालीचा समय मुख्यतः संधिप्रकाशाचा व रात्रीचा असतो. ज्याला सिंह चालताना पाहायचा असेल त्याने जेवण उरकून दुपारी येण्याऐवजी दरवाजे उघडताच यावे. अनेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस अन्न देत नाहीत, तीही काटकसर किंवा क्रौर्य नव्हे. वाघ-सिंह निसर्गतःच एकदा पोटभर खाऊन पुढे काही काळ निराहार राहणारे आहेत.

उलटपक्षी, ज्या प्राण्याची आपण प्रशंसा करतो त्याचीच अनेकदा चिंता वाटायला हवी. एखादा वाघ किंवा अस्वल कुंपणालगत एकाच रेषेत जातो, ठरावीक जागी मान वळवतो, त्याच पावलांवर परत येतो आणि हे घटकाभर अखंड करीत राहतो, तेव्हा "काय चपळ आहे!" असे उद्गार निघतात आणि छायाचित्रेही त्याचीच घेतली जातात. असे एकाच ठशाचे येरझारणे पुष्कळदा कोंडीचे, कंटाळ्याचे वा मनःक्षोभाचे लक्षण असते, आणि म्हणूनच अन्न लपवून ठेवणे, निरनिराळे वास पसरणे, ओंडके व पाणी पुरवणे अशी तजवीज जाणते रखवालदार करतात. निजलेला सिंह स्वस्थ आणि चालणारा वाघ अस्वस्थ असू शकतो, एवढे मुलांना सांगता आले तरी पुढचा दिवस ती निराळ्या नजरेने पाहतील.

हातातला घास जाळीतून पुढे करण्यात भूतदया आहे असे मानणारे तर पुष्कळच. हरणासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात पाव-बिस्किटांचे पिष्ट एकदम गेले, की तेथील आम्लता वाढते आणि प्रसंगी जिवावर बेतते. पिशवीसकट गिळलेला खाऊ तर आतड्यातच अडकून राहतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये नंतरच्या दुरुस्तीने घातलेल्या ३८-जे या कलमान्वये प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला खायला घालणे, चिडवणे किंवा आवारात कचरा टाकणे हा अपराध आहे. त्या मज्जावामागे ही सगळी कारणे आहेत.

पांढरा वाघ ही निराळी, दुर्मिळ जात आहे, आणि तिला वाचवण्यासाठी तो येथे ठेवला आहे, असेही मानतात. तो आपला पट्टेरी वाघच. मातापित्या दोघांकडून एकच अप्रभावी जनुक आल्यामुळे त्याचा पिवळा रंग नाहीसा झालेला असतो, हे २०१३ साली जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. पट्टे गडद आणि डोळे निळे राहतात, म्हणून तो रंगहीन प्राणीही नव्हे. १९५१ साली रीवा संस्थानच्या महाराजांनी पकडलेल्या 'मोहन' नावाच्या बच्च्याचेच आजचे बहुतेक पांढरे वाघ वंशज आहेत, आणि जवळच्या नात्यात प्रजनन झाल्याची किंमत त्यांच्यापैकी काहींना तिरळेपणाच्या व अन्य व्यंगांच्या रूपाने मोजावी लागली आहे. मला तरी या प्राण्यापुढची गर्दी पाहून आनंद होत नाही.

रोग जनावरांकडून माणसांकडे येतात, हा अर्धाच भाग लोकांना ठाऊक असतो. २०२१ च्या मे महिन्यात याच उद्यानातील आठ आशियाई सिंहांना करोनाची बाधा झाल्याचे शहरातील पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या तपासणीत आढळले. ते बरे झाले, पण माणसांची साथ पिंजऱ्यापलीकडेही पोहोचते हे तेव्हा दिसून आले.

याच केंद्राच्या लुप्तप्राय प्रजाती प्रयोगशाळेच्या साह्याने २००६ साली येथे कृत्रिम गर्भधारणेतून चितळाचे पाडस जन्मले, आणि २०१० पासून पिसोरीच्या प्रजननाचे काम सुरू झाले. पिसोरी म्हणजे सशाएवढा, दोन-चार किलो वजनाचा, शिंगे नसलेला खुरवाला प्राणी. तो निशाचर व भित्रा असल्यामुळे दिवसा आलेल्या प्रेक्षकाला सहसा दिसत नाही. उद्यान केवळ करमणुकीसाठी आहे असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की येथे वाढवलेल्या पिसोऱ्यांची पहिली तुकडी २०१७ साली नल्लमलाच्या डोंगरांतील अमराबाद व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आली.