सेप्टिक शॉक : रक्त गाळण्याआधी वेळ गाठायला हवी

धाराशिव जिल्ह्यातील अणदूर हे गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. येथील अत्यवस्थ रुग्णाला मोठ्या अतिदक्षता विभागासाठी बहुधा सोलापूर गाठावे लागते आणि हे अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक आहे. जंतुसंसर्ग बळावून रक्तदाब कोसळला असेल, म्हणजेच रुग्ण ‘सेप्टिक शॉक’मध्ये गेला असेल, तर वाटेत गेलेला वेळ भरून निघत नाही. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत अशा रुग्णाच्या नातेवाइकांपुढे ‘रक्त शुद्ध करणारा फिल्टर’ हा महागडा पर्याय ठेवला जातो. तो कितपत उपयुक्त आहे?

सेप्टिक शॉकमध्ये केवळ जंतू घात करीत नाहीत. काही जंतूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन हे विष आणि प्रतिकारासाठी शरीरानेच सोडलेली सायटोकाइन ही रसायने यांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि मूत्रपिंड, फुफ्फुसे, यकृत निकामी होऊ लागतात. रक्त शरीराबाहेर काढून ही द्रव्ये शोषून घ्यावीत आणि ते परत सोडावे, ही कल्पना तर्काला पटणारी आहे. पॉलिमिक्सिन बी या प्रतिजैविकाचा थर दिलेल्या तंतूंचा फिल्टर जपानमध्ये १९९४ पासून वापरात आहे. सायटोकाइन शोषणाऱ्या सूक्ष्म मण्यांच्या फिल्टरला युरोपात २०११ मध्ये मान्यता मिळाली आणि तो भारतातही पोहोचला.

तर्काला पटते ते चाचणीत टिकतेच असे नाही. इटलीत ६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पॉलिमिक्सिन फिल्टर वापरलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ३२ टक्के, तर इतर गटात ५३ टक्के आढळले. आशा उंचावल्या. मात्र २०१५ मध्ये फ्रान्समधील २३२ रुग्णांच्या चाचणीत लाभ दिसला नाही. अमेरिका व कॅनडातील ४५० रुग्णांच्या २०१८ मधील चाचणीत फिल्टर वापरलेल्या गटातील ३७.७ टक्के, तर न वापरलेल्या गटातील ३४.५ टक्के रुग्ण दगावले. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पॉलिमिक्सिन फिल्टर वापरू नये असे सुचविले; इतर फिल्टरबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. मूत्रपिंड निकामी झाल्यावर करावे लागणारे डायलिसिस ही वेगळी बाब आहे. नातेवाइकांनी दोहोंत गल्लत करू नये.

त्याच सूचनांचा भर आहे तो तासांवर. शॉकमधील रुग्णाला तासाभरात प्रतिजैविक, पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे किमान ३० मिलिलिटर सलाइन, रक्तदाब सावरणारे औषध आणि पू साचला असल्यास त्याचा निचरा. यांतील पहिल्या दोन गोष्टींसाठी महानगर लागत नाही. लागते ते वेळीच ओळखणारे माणूस.

अणदूरमध्ये हे माणूस घडविण्याचे काम नव्वदच्या दशकापासून झाले आहे. डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या महिलांना ‘भारतवैद्य’ म्हणून आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. अशा प्रशिक्षणाचे मोल गडचिरोलीत मोजले गेले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या १९९९ मधील अभ्यासानुसार, आरोग्यदूत महिलांनी घरीच प्रतिजैविके दिल्यावर जंतुदोष झालेल्या नवजात बालकांमधील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. त्यांच्याजवळ ना फिल्टर होता, ना अतिदक्षता विभाग.

प्रौढ रुग्णाचा शॉक घरी बरा होणार नाही, त्याला सोलापूरला न्यावेच लागेल. पण ताप वा संसर्गासोबत धाप लागणे, लघवी कमी होणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही लक्षणे गावातच ओळखली गेली, तर जवळच्या दवाखान्यात सलाइन आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा देऊन मगच त्याला रुग्णवाहिकेत चढविता येते.